व्याह्यांचं तीन मीटर पाणी

सरकारी नकाशाप्रमाणे त्या जागी दोन मीटर पाणी होतं. तिलेगेनच्या होडीच्या पंख्याप्रमाणे तिथे वाळू होती. दोघांपैकी खरं कोण हे ठरवायला फार डोकं लागत नव्हतं, कारण पंखा मोडून तिलेगेनच्या हातात आला होता आणि नकाशा बंदर कार्यालयाच्या भिंतीवर काचेआड सुखात होता.

होडी ढकलत ढकलत तो किनाऱ्याला आला. ढकलत म्हणजे चालत. कास्पियन समुद्रातून चालत येणाऱ्या माणसाकडे अक्ताउमध्ये आता कोणी वळूनही बघत नाही. समुद्र दर वर्षी मागे सरकतो आणि लोक दर वर्षी म्हणतात, येईल परत, जाणार कुठे! जुना धक्का कोरड्या वाळूत उभा आहे आणि त्याच्यावर बसून मंडळी सूर्यफुलाच्या बिया खातात. पण बिया खाणाऱ्यांचे पंखे मोडत नाहीत. ज्याचा मोडतो त्याला इतकं समजूतदार राहणं जमत नाही.

तळमजल्यावरच्या गेन्नादी इल्यीचांनी पंखा उलटसुलट करून पाहिला. हा माणूस जहाजाच्या इंजिनांवर जन्म काढून निवृत्त झालेला, त्यामुळे दुसऱ्याच्या इंजिनाबद्दल त्यांना दया म्हणून नव्हती.

"तिलेगेन, तू एक काम कर," ते म्हणाले. "होडीला चाकं लाव."

हा टोमणा तिलेगेनला फार लागला. त्याच संध्याकाळी त्याने बायकोला, झाउरेशला, जाहीर करून टाकलं की या समुद्राचा खरा नकाशा आता तो स्वतः काढणार. तो पाणीपुरवठा कार्यालयात नळांचे नकाशे काढायचा. डोळ्यांनी न दिसणारे जमिनीखालचे नळ ज्याला काढता येतात त्याला समुद्राचा तळ काय अवघड, असा त्याचा हिशेब होता. ते नळ त्याच्या नकाशाप्रमाणे कधीच सापडत नसत आणि दर वेळी अख्खा रस्ता खोदावा लागे, ही गोष्ट झाउरेशच्या जिभेवर आली होती. पण तिने चहा ओतला. तिला वाटलं, दोन दिवसांत उतरेल.

उतरलं नाही. तिलेगेनने पाण्याची खोली मोजणारं एक यंत्र घेतलं, होडीच्या मागे बांधलं, आणि संगणकावर नकाशे काढण्याची एक फुकट मिळणारी प्रणाली उतरवून घेतली. तीत आपण ठिपके टाकायचे, प्रत्येक ठिपक्याला खोली द्यायची, सारख्या खोलीचे ठिपके रेषेने जोडायचे, खडक, वाळू, धक्का, दिवा ज्याच्या त्याच्या चिन्हाने दाखवायचा, आणि मग सगळं जगाच्या समाईक नकाशात पाठवून द्यायचं. तिथून ते कोणत्याही नावाड्याला फोनवर दिसतं. ऐकायला किती सोपं!

पहिल्याच दिवशी शहरालगतच्या सारीतास खाडीत इतकं पाणी निघालं की तिलेगेनची छाती भरून आली. आपण उगाच समुद्राला नावं ठेवली असं वाटून तो हळवासुद्धा झाला. मग कळलं की यंत्र मीटरमध्ये नव्हे, फुटांमध्ये बोलत होतं. ते दुरुस्त केलं, तर खाडीच्या मधोमध एक लांबट डोंगर निघाला. दुसऱ्या दिवशी तो डोंगर वेगळ्या जागी होता. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळ्या. गेन्नादी इल्यीच म्हणाले, "हा डोंगर तळून खातात. माशांचा थवा आहे तो, गाढवा." हे यंत्र मुळात मासेमारीचं होतं, आणि त्याला तळापेक्षा माशांत जास्त रस होता.

त्यानंतरचा प्रकार तर सांगू नये असा. एकदा यंत्र बंद करायचं राहून गेलं. ते गाडीच्या टपावर बसून घरी आलं, आणि वाटेतल्या प्रत्येक वळणावर इमानाने खोली नोंदवत आलं. तिलेगेनने ते सगळं न बघता पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी जगाच्या नकाशात सारीतास खाडीतून एक जलमार्ग निघाला होता. तो बाजारातून, मशिदीच्या मागून, दवाखान्याला वळसा घालून थेट तिलेगेनच्या इमारतीच्या दारात संपत होता. चौकातल्या दिव्याच्या खांबापाशी मोठ्या बोटी लागू शकतील एवढं पाणी होतं.

"चांगलं झालं," गेन्नादी इल्यीच जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "समुद्रकाठचं घर झालं आपलं. भाव वाढतील."

जिन्यातली पोरंबाळं हसली, त्यांच्या आया हसल्या, आणि लिफ्टवाली बाई आठवडाभर त्याला "कप्तान, कोणत्या बंदराला?" असं विचारत राहिली. दुसरा कोणी असता तर यंत्र विकून मोकळा झाला असता. तिलेगेनचं उलट होतं. लोक हसले की त्याचा हट्ट आणखी घट्ट व्हायचा. त्याने तो जलमार्ग पुसला, पुन्हा पाण्यात उतरला, आणि या वेळी यंत्राच्या जोडीला एक लांब काठी घेतली. यंत्र जे म्हणेल ते काठीने तपासायचं. काठीला मासे कळत नाहीत आणि फूटही कळत नाहीत. उन्हाळा सरत आला तेव्हा खाडीचा खराखुरा नकाशा तयार झाला होता, आणि रापून काळा पडलेला तिलेगेन तो घेऊन बंदर कार्यालयात गेला. कौतुकाची अपेक्षा नव्हती. थोडीशी होती.

तिथल्या अधिकारी बाईंचं नाव बोताकोझ. वयाने त्याच्या मुलीएवढी, आणि बोलायला गोड.

"काका, हे पाणी तुम्ही कोणत्या शून्यापासून मोजलंत?"

"पाण्याच्या वरच्या बाजूपासून," तिलेगेन म्हणाला. दुसरं कुठून मोजणार?

"तसं नाही चालत. समुद्राची पातळी ठरलेली आहे. जुनी, मंजूर पातळी. सगळे सरकारी नकाशे तिच्यापासून मोजतात. तिच्याप्रमाणे तिथे दोन मीटर आहे."

"पण समुद्र त्या पातळीवर नाही ना, पोरी! खाली गेलाय!"

"तो गेला असेल," बोताकोझ शांतपणे म्हणाली. "आम्हाला तसं कळवण्यात आलेलं नाही. तुम्ही मोजलंत ते आजचं पाणी. आमचं मंजूर झालेलं पाणी आहे. तुमच्या नकाशाने लोकांत घबराट पसरेल. तो काढून टाका."

"नाही काढणार," तिलेगेन म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. सरकारी खुर्चीसमोर हे वाक्य त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघालं होतं. "पाणी मी कमी केलेलं नाही. मी फक्त सांगितलंय. तुमचं मंजूर पाणी एकदा माझ्या होडीखाली आणून दाखवा, लगेच पुसतो."

तो ताठ मानेने बाहेर पडला आणि घरी येताच नकाशा जगाला पाठवून दिला. महिनाभरात किनाऱ्यावरचे नावाडी तोच बघून होड्या हाकायला लागले. पंखे मोडायचे थांबले. धक्क्यावर बिया खाणारी मंडळी त्याला बघून सरकून जागा द्यायला लागली. तिलेगेनला आयुष्यात इतकी जागा कोणी दिली नव्हती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मग व्याही आले.

तिलेगेनची एकुलती एक मुलगी आयगानिम इझबासारच्या मुलाला दिली होती. इझबासार म्हणजे आडदांड माणूस, आवाज मोठा, मिशा मोठ्या, आणि किनाऱ्यावरच्या मासेमारांत त्याचं घराणं सगळ्यांत जुनं. सुनेचं तो करायचाही खूप. व्याह्याच्या घरी काही नवीन झालं तर पहिल्यांदा बघायला हात हलवत जायचं नसतं, कोरिमदिक द्यावं लागतं. कोणी साखर देतं, कोणी कापड. इझबासार नवा नकाशा बघायला जिवंत मेंढा घेऊन लिफ्टने पाचव्या मजल्यावर आला.

मेंढा त्याच दुपारी शिजला. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर नकाशा लावला होता. इझबासारने हातातलं हाड बाजूला ठेवलं, पडद्याजवळ गेला, आणि बराच वेळ खाडीकडे बघत राहिला.

"व्याही, यात आमची वाट कुठंय?"

"कोणती वाट?"

"अहो, कोणती काय! माझ्या वडिलांची वाट. वाळूच्या दांड्याच्या आतल्या अंगाने थेट बेटाला निघते. सगळी दुनिया वळसा घालून जाते, आम्ही सरळ जातो. ही अशी." आणि त्याने चरबीने माखलेलं बोट खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. पडद्यावर चकाकणारी रेघ उमटली.

"तिथे पाणी किती?" तिलेगेनने भीत भीत विचारलं.

"तीन मीटर."

"तीन कशावरून?"

"वडिलांचं वल्हं तळाला लागायचं नाही. वल्हं केवढं होतं मला माहीत आहे. व्याही, माझ्या शब्दावर काठी घालून बघणार का तुम्ही?"

झाउरेशने टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला. आता मेंढा पोटात गेलेला, समोर व्याही उभा, मुलगी त्यांच्या घरात. अशा वेळी नाही म्हणणारा कझाख अजून जन्माला यायचाय. तिलेगेनने इझबासारच्या देखत त्या चरबीच्या रेघेवरून रेघ ओढली, खोली तीन मीटर लिहिली, आणि नाव दिलं: इझबासारची वाट. सरकारी खुर्चीला न वाकलेला माणूस एका मेंढ्यापुढे वाकला. पडदा झाउरेशने नंतर साबणाने धुतला. नकाशातली रेघ तशीच राहिली.

पाहुणे गेल्याबरोबर दुसऱ्या सकाळी तो काठी घेऊन तिथे गेला. काठी लागलीच नाही, कारण होडीच पुढे जाईना. तो खाली उतरला. पाणी गुडघ्याला होतं. वडिलांच्या काळी तिथे तीन काय, पाच मीटरही असेल. पण वडील गेले आणि त्यांच्यामागून पाणीही गेलं.

"मी ते पुसतोय," घरी येऊन तो म्हणाला.

"अजिबात नाही," झाउरेश म्हणाली. "पुढच्या आठवड्यात त्यांचा त्रेसष्टीचा समारंभ आहे. पैगंबरांच्या वयाला पोचला माणूस. सगळ्या गावाला त्याने फोनवर ती वाट दाखवलीय. आणि तुम्ही पुसणार? आयगानिमने त्या घरात मान वर करून कसं राहायचं?"

"आणि तिथे कोणी अडकलं तर?"

"त्या वाटेने त्यांच्याशिवाय जातं कोण?"

हे खरं होतं. फक्त एवढंच कोणाच्या ध्यानात आलं नाही की समारंभ बेटावर होता.

मोठी लाँच सजवली होती. गालिचे, उशा, शुबातची, म्हणजे उंटिणीच्या आंबवलेल्या दुधाची पिंपं, बाउर्साकच्या तळलेल्या गोळ्यांची परात, दोन घोड्यांचं मांस, आणि मधोमध उंच गादीवर इझबासारची म्हातारी आई, आक्केंझे आजी. तिलेगेन नवा सूट घालून आला होता. चढण्यापूर्वी त्याने व्याह्याला बाजूला घेतलं.

"व्याही, आज बाहेरून वळसा घालून जाऊ. त्या वाटेत पाणी नाही. मी मोजलंय."

"नकाशात किती आहे?"

"नकाशात तुम्ही सांगितलं तेच आहे."

"मग!" इझबासारने फोनचा पडदा त्याच्या नाकापुढे धरला. "जगाच्या नकाशात आहे, व्याही. तुमच्यासारख्या जाणकाराने काढलेला नकाशा. आता तुमच्यावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही का आम्ही?"

आपण स्वतःच आपल्याविरुद्ध साक्ष देऊन ठेवावी आणि मग ती खोटी आहे असं स्वतःच ओरडावं, याला काही पद्धत नसते. तो चढला. सुकाणू इझबासारने स्वतः धरलं.

दांड्याच्या आत शिरल्यावर थोड्याच वेळात लाँचने एक लांब, खरखरीत सुस्कारा टाकला आणि उभी राहिली. परातीतले बाउर्साक पुढे धावत गेले.

"नांगर टाकलाय!" इझबासार गरजला. "इथेच जेवण वाढा! हवा छान आहे!"

वाढलं. लोक जेवायला बसले. त्रेसष्टीच्या माणसाला त्याच्या समारंभात खोटं पाडायचं नसतं. पण किनाऱ्याकडून वारा सुटला, आणि वारा तिकडून सुटला की आधीच थोडं असलेलं पाणी आणखी समुद्राकडे निघून जातं. लाँच हळूहळू एका कुशीवर झुकू लागली. वाडग्यांतला रस्सा एका बाजूने सांडायला लागला. आक्केंझे आजी गादीसकट सरकत कठड्याकडे निघाल्या, आणि दोन बायकांनी त्यांना धरून ठेवलं. शुबातचं एक पिंप सुटलं आणि त्याने एका पाहुण्याचा पाय चेचला.

"कोणी फोन करायचा नाही!" इझबासार म्हणाला. "पाणी येईल."

आयगानिमने म्हातारीकडे पाहिलं, त्या पाहुण्याच्या पायाकडे पाहिलं, आणि बचाव केंद्राला फोन लावला. तिलेगेन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने तिला अक्षांश-रेखांश सांगायला सुरुवात केली, पण पलीकडचा माणूस वैतागला होता.

"आकडे नकोत हो बाई, वाऱ्यात काही ऐकू येत नाही. जागेचं नाव सांगा, नावावरून शोधतो."

आयगानिमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. लग्नानंतर तिने एकदाही त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. त्याला ती 'मोठे बाबा' म्हणायची, आणि तोही तिच्यावर त्यासाठी खूश असायचा.

"मोठ्या बाबांची वाट," ती म्हणाली.

"कोणाच्या बाबांची?"

"आमच्या. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या वडिलांची. सारीतास खाडीत, दांड्याच्या आत."

"बाई, इथे कोणा बाबांची वाट नाही. पुन्हा सांगा."

लाँच पुन्हा कण्हली आणि आणखी झुकली. कोणाचं तरी पोर रडायला लागलं. आयगानिमने डोळे मिटले आणि सगळ्या लाँचला, सगळ्या सासरला, ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "इझबासारची वाट! इझबासार! इझबासार!"

हाडं चोखणारे थांबले. इझबासारच्या मिशा खाली आल्या. पलीकडून कळफलकावर बोटं आपटल्याचा आवाज आला, आणि मग तो माणूस म्हणाला, "हां, सापडली. पण तिथे तुम्ही अडकूच शकत नाही. तीन मीटर पाणी आहे. नीट बघून सांगा."

तिलेगेनच्या डोक्यात काहीतरी तुटलं. लाज, व्याहीपणा, मेंढा, टेबलाखालचा पाय, सगळं एकदम. त्याने मुलीच्या हातातून फोन घेतला, कठडा ओलांडला, आणि नव्या सुटासकट समुद्रात उडी मारली. उडी फार लांबली नाही. तो उभा होता.

"मी तिलेगेन बोलतोय!" तो फोनमध्ये ओरडला. "नकाशा काढणारा! तीन मीटर मीच लिहिलंय आणि ते खोटं आहे! मी तुमच्या तीन मीटरमध्ये उभा आहे आणि माझे गुडघे कोरडे आहेत!"

"व्याही, वर या," इझबासार दात आवळून म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच उतरलोय."

वरून आक्केंझे आजींचा बारीक आवाज आला. "इझबासार, इथे पाणी किती म्हणालास?"

"तीन मीटर, आई."

म्हातारीने कठड्यावरून वाकून बराच वेळ पाहिलं. "मग व्याही इतके उंच कधी झाले?"

कोणाला तरी हसू फुटलं. तिलेगेनने खिशातून स्वतःचा फोन काढला, नकाशा उघडला, आणि ती रेघ पडद्यावर आणली.

"आज ते पुसलंत तर आपला संबंध संपला, व्याही!"

"संबंध आहे म्हणूनच पुसतोय!" तिलेगेनचा आवाज चिरकला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. "माझी एकुलती एक पोर या लाँचवर आहे! मी लिहिलेल्या पाण्यावर! दुसऱ्याची होडी फुटू नये म्हणून सरकारशी भांडलो, आणि स्वतःच्या मुलीखाली खोटं पाणी घातलं! नाव तुमचं राहू दे, नावाला माझी हरकत नाही. पाणी मात्र मी मोजलेलंच राहणार!"

"पुसा, बाबा," आयगानिम म्हणाली.

त्याने पुसलं आणि खरी खोली लिहिली. पाठवलं.

पलीकडचा माणूस अजून फोनवरच होता. "अहो," तो म्हणाला, "आता इथे पाव मीटरसुद्धा दिसत नाही. आमची बोट एवढ्या पाण्यात येऊ शकत नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"चालत या."

मग गालिचे गुंडाळले गेले, पोरांना खांद्यावर घेतलं, चेचलेल्या पायाच्या पाहुण्याला दोघांनी उचललं, आणि सगळा समारंभ समुद्रात उतरला. झाउरेशने परात डोक्यावर घेतली. इझबासार सगळ्यांत शेवटी उतरला. त्याने आईला पाठुंगळी घेतलं आणि कोणाकडेही न बघता पुढे निघाला. आयगानिम त्याच्या शेजारून चालत होती. बऱ्याच वेळाने तो तिला म्हणाला, "नाव तीनदा घेतलंस. एकदा पुरलं असतं."

"एकदा त्यांना ऐकू आलं नसतं, मोठे बाबा."

तिलेगेन लाँचवरचा बांबू घेऊन बाजूने चालत होता. दर थोड्या पावलांवर थांबून बांबू टेकवायचा, पाणी बघायचा, फोनमध्ये लिहायचा. अर्ध्या वाटेवर इझबासार अचानक मांडीपर्यंत पाण्यात गेला. आजी किंचाळल्या. त्याने त्यांना सावरलं, ताठ उभा राहिला, आणि लाँचवरून उतरल्यापासून खाली आलेला त्याचा मोठा आवाज परत आला.

"व्याही! इथे आहे! इथे पुरी मांडी आहे! लिहा, मीटरभर लिहा!"

तिलेगेन जिथे पोचला होता तिथून मागे फिरला. व्याह्याला त्याने हाताने बाजूला केलं, स्वतः त्या खड्ड्यात उतरला, बांबू टेकवला, वाकून नीट पाहिलं, आणि मगच लिहिलं.